विनी मावशीचा हात

आमच्या बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट फार आवडते. योला पक्षी थंडीच्या तोंडावर, म्हणजे आमच्याकडे एप्रिलात, निघतात, पृथ्वीच्या पार वरच्या टोकापर्यंत उडत जातात आणि सहा महिन्यांनी अर्धं जग ओलांडून नेमके आपल्याच बिळात परततात. हे ऐकून टास्मानियाच्या बोटीतून आलेल्या बायका डोळे पुसतात. मला चीड येते. पक्ष्याचं बीळ निदान जागेवर तरी असतं.

आम्ही त्या योलांची पिल्लं काढतो, मांसासाठी आणि तेलासाठी. मार्चअखेर ते एप्रिलअखेर, पाच आठवडे, अख्खी खानदानं शेडमध्ये मुक्कामाला. गवतात पालथं पडायचं आणि बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा. ऊब लागली तर पिल्लू, गार लागलं तर साप. एवढीच विद्या, आणि ती बोटांत असते. गोऱ्यांच्या सरकारनं आम्हा मूळच्या लोकांची जमीन नेली, भाषा नेली, पोरं नेली. बोटं तेवढी राहिली.

विनी मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. नवख्याला बिळाशी न्यायचं ते तिनंच. आधी तिचा हात आत जायचा, मग ती म्हणायची, "गरम आहे, घाल." तिच्या हाताखाली कुणाला साप चावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी दुसऱ्या आठवड्यात मी तिला शेडमध्ये पाहिलं. पिसं उपटलेली पिल्लं उकळत्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे उरलेली लव सुटते. मावशी शेजारणीशी गप्पा मारत पिल्लं बुडवत होती आणि दर वेळी तिची बोटं पेरांपर्यंत पाण्यात जात होती. मी धावत जाऊन तिचा हात ओढला. कातडी सुटली होती. तिनं बोटांकडे असं पाहिलं, जशी ती दुसऱ्या कुणाची असावीत.

तिला बाहेर नेऊन मी विचारलं, "कधीपासून?"

"साखर आहे ना मला. झाली असतील दोन वर्षं."

"आणि बिळात हात घालतेस?"

"अंदाजानं कळतं गं. पासष्ट वर्षं घालतेय." मग आवाज उतरवून म्हणाली, "रोझ, बोलू नकोस कुठे. मला पिसं उपटायला बसवतील म्हाताऱ्यांबरोबर."

"तू म्हातारीच आहेस."

"म्हातारी आहे, मेले नाही अजून."

मी हसले आणि सोडून दिलं. थोरल्यांना चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही आमची रीत. त्या रीतीआड मी माझा भित्रेपणा लपवला, तो सांगून टाकते.

चार दिवसांनी पाहुण्यांच्या बोटीतून लायल आला. माझा मावसभाऊ, वय सत्तेचाळीस, पर्थला बस चालवणारा. त्याची आई फ्लोरा पाच वर्षांची असताना सरकारी माणसांनी तिला या बेटावरून उचलून नेलं होतं. विनी मावशी तेव्हा सात वर्षांची होती, उंच गवतात लपली म्हणून राहिली. फ्लोराला पुन्हा कुणी पाहिलं नाही. ती तिकडेच वारल्यावर लायलनं कुठकुठले जुने कागद धुंडाळले, मला पत्रं लिहिली, आणि तिकीट काढून आला. स्वतःच्या घरी तिकीट काढून.

शेडमधल्या बार्नीकाकानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा आपला? हा तर उकडलेला बटाटा दिसतोय."

"काका, बसच्या छपराखाली बसून बसून रंग गेला," लायल म्हणाला, आणि सगळे हसले. मग तो लाजत म्हणाला, "आईला इथलं काही आठवायचं नाही. फक्त या तेलाचा वास आठवायचा. मी वास ओळखला उतरल्या उतरल्या."

विनी मावशीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "नाक फ्लोराचंच आहे मेल्याचं," ती म्हणाली आणि रडली. "उद्या तुझ्या हातानं पिल्लू काढ. मग तू आमचा. मग कुणी कागद मागणार नाही तुझ्याकडे."

तो आनंदानं एकेकाचा हात हातात घेत सुटला. मी मावशीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

सकाळी आम्ही तिघंच चढावर गेलो. वारा पश्चिमेचा, बोचरा. मावशीनं एक बीळ निवडलं, पालथी पडली, हात घातला. एरवी ती हात घालते आणि लगेच बोलते. त्या दिवशी ती गप्प पडून राहिली. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

"मावशी, मी बघू एकदा?"

"का गं?" तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. लायलही पाहत होता.

"काही नाही," मी म्हणाले.

लायल पालथा झाला. हात आत गेला, खांदा गेला, गाल मातीला टेकला. "काहीतरी हललं," तो हसत म्हणाला, आणि मग त्यानं हात बाहेर काढला. "चोच मारली वाटतं."

मनगटाजवळ दोन ठिपके होते. चोचीचे दोन ठिपके उठत नाहीत. मावशी मातीत बसली होती आणि आपल्या हातावर दुसऱ्या हाताची नखं रुतवत होती.

मी ओरडून माणसं बोलावली. आम्ही चादरी फाडून त्याचा हात बोटांपासून खांद्यापर्यंत आवळून बांधला, दाराच्या फळीवर घालून खाली आणलं. हेलिकॉप्टरला फोन केला. वारा कमी होईपर्यंत निघता येणार नाही, असं ते म्हणाले. वारा दुपारपर्यंत कमी झाला नाही. लायलच्या पापण्या जड झाल्या, मग जीभ. तो मला म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तुझं काही नाही चुकलं."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्याला जाऊन तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. तरुण होता, नम्र होता. वही उघडून म्हणाला, "बीळ कुणी तपासलं होतं?" मावशी बाकावर बसली होती, हात ॲप्रनमध्ये. तिनं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला आजही ठाऊक नाही, कारण मी आधी बोलले.

"मावशीनं दाखवलेलं बीळ सोडून त्यानं शेजारच्यात हात घातला. विचारलं नाही. बाहेरचा माणूस, त्याला काय कळणार."

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. बार्नीकाकानं मान हलवली, जणू तो तिथे होता. पोलिसानं लिहून घेतलं. मावशीनं तोंड मिटलं.

संध्याकाळी लायलच्या बायकोचा फोन आला. डोना तिचं नाव. रडून रडून आवाज बसला होता, पण भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"त्याला तिथेच मातीत ठेवू का इकडे आणू, मला कळत नाही," ती म्हणाली. "गेली दोन वर्षं त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तुम्हीच सांगा, तो शिकला होता का ते? तुमच्यातला झाला होता का?"

पोलिसाच्या वहीत माझी सही होती.

"नाही," मी म्हणाले. "त्यानं कुणाचं ऐकलं नाही. शिकायचा होता अजून."

तिनं नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "मग इकडेच आणते. इथे निदान त्याला ओळखणारी माणसं आहेत."

मी फोन ठेवला. मावशी समोरच बसली होती.

"काय म्हणाली?"

"नेतेय त्याला पर्थला."

"असं कसं नेते? तो आपला होता."

"ते आता आपल्याला म्हणता यायचं नाही, मावशी," मी म्हणाले.