टोरांटो पाच तास

रुचिकाच्या धाकट्या पोरीचं जावळ काढलं ते साल दोन हजार चोवीस. त्या जेवणातच तिच्या वडिलांना, पंजाबरावांना, धाप लागली. हृदय थकलं, फार तर वर्ष, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

कामरगावच्या शिवारात पंजाबरावांची वांग्याची बाग. रुचिका इंझोरीला दिलेली, मुलगा हर्षल कॅनडात, टोरांटोला. त्याला बोलवायची घाई मात्र पंजाबरावांना नव्हती.

"पाच तासाचा तर रस्ता हाय," ते बायकोला, गोजराबाईंना म्हणाले. "मी गेलो का फोन कर. दिवस मावळाच्या आत येते पोट्टा, आग द्याले."

"पाच तास कोन सांगतलं तुमाले?" रुचिकानं विचारलं.

"त्याच्या तिकिटावर व्हतं. रात्री अडीचले दिल्ली सोडली, सकाळी साडेसातले टोरांटो. पुन्याची ट्रॅव्हल्स याच्याहून जास्त घेते."

रुचिकाला हसू आलं, ते तिनं आवरलं. "बाबा, तिकडचं घड्याळ आपल्या मागं हाय. ते साडेसात तिकडचे. साडेअकरा हजार किलोमीटर हाय, नुसत्या विमानातच साडेचौदा तास. मंग दिल्लीहून नागपूर, नागपूरहून जीप. तिकीट लगेच भेटलं तरी दोन दिवस."

पंजाबरावांनी बोटांवर तास मोजले. इतकी वर्षं त्यांनी लेकाला पुण्याच्याही अलीकडे धरलं होतं. आणि त्यांच्या भावकीत मढं दिवेलागणीच्या पुढे घरात ठेवत नसत.

"बर्फाची पेटी आनू," गोजराबाई हळूच म्हणाल्या.

"मी काय कुल्फी व्हय? लाव त्याले फोन."

तिकडे पहाट होती. हर्षल घाबरून म्हणाला, "बाबा, काय झालं?"

"काई नाई झालं. म्हनूनच ये."

"लंबी रजा वर्षातून एकदाच भेटते, बाबा. आता आलो तर मंग त्या टायमाले..."

"त्या टायमाले नको येऊ. बोलाचं असन ते जित्तेपनी बोलू."

फोन ठेवल्यावर गोजराबाईंनी विचारलं, "अन् आग?"

"रुचिका देईन."

"भाऊबंद बोलतीन."

"त्याइले मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी धापा टाकत पंजाबराव थोरल्या चुलतभावाकडे, जगदेवकडे गेले आणि ओट्यावर बसून चारचौघांत सांगून टाकलं. भावकीत जगदेवचा शब्द चाले. तो म्हणाला, "आपल्यात पोरी मसनात जात नाईत." पंजाबराव उठले नाहीत. चहा झाला, दुसराही झाला. उन्हं ओट्यावर आली तरी ते तिथंच.

"घरी जा ना बाप्पा, तब्येत पाह्य."

"तू हो म्हन, जातो."

शेवटी जगदेव म्हणाला, "बरं, देऊ दे तिले. पन इथं नको मरू."

हर्षल पोळ्याला आला आणि वीस दिवस राहिला. बापलेक सकाळी वांगी तोडत, दुपारी भांडत, संध्याकाळी एका ताटात जेवत. जाताना हर्षलला रडू आवरेना. पंजाबराव म्हणाले, "जाय आता, गाडी चुकन."

रुचिकानं आग दिली तेव्हा अजून ऊन होतं आणि जगदेव तिच्या शेजारी उभा होता. पंजाबराव गुरुवारी, ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी वारले.