विक्रेत्यांना प्रवेशबंदी असावी

बावीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून पाण्याचे फिल्टर विकणारा माणूस नापास, आणि तोही मातृभाषेत! गणित, विज्ञान कधीच सुटलं होतं. भाषेचा पेपर तेवढा राहिला होता, आणि फिल्टरवाल्यानं तो खुशाल राहू दिला होता. पण आता कंपनीनं फतवा काढला: सुपरवायझर व्हायचं तर शालान्त परीक्षा पास हवी. सुपरवायझर म्हणजे खुर्ची. आणि फिल्टरवाल्याचे गुडघे तर दुसऱ्या मजल्यापुढे ऐकेनासे झाले होते.

लेकीनं शिकवणी घेतली.

"बाबा, मन वळवणारा निबंध. चाळीस मिनिटं. एक बाजू घ्यायची, समोरच्याचे मुद्दे खोडायचे, शेवट ठासून करायचा."

"मग मी रोज काय करतो?"

"रोज तोंडावर दार आपटून घेता."

"दहातली नऊ. दहावं उघडतं की नाही?"

"इथं दारच नाही. तपासणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसत नाही."

हे मात्र त्याला जड गेलं. समोर चेहराच नसेल तर मन वळवायचं कुणाचं?

परीक्षेत प्रश्न आला: 'घरोघरी फिरणाऱ्या विक्रेत्यांना निवासी इमारतींत प्रवेशबंदी असावी की नसावी?' फिल्टरवाला बाकावरून पडायचाच राहिला. त्यानं 'नसावी' असं ठणकावून दहा मिनिटांत पानभर लिहिलं. तेवढ्यात कागदावर सावली पडली. पर्यवेक्षक बाई मागे उभ्या होत्या. त्यानं वर पाहिलं आणि ओळखलं: टेकडीवरची वसाहत, दुसरा मजला, डावीकडचं दार. तीनदा बेल, तीनदा 'नको'. बाईंनी त्याला ओळखलं नाही. दार लावणारे कुठं कुणाचं तोंड बघतात? पण 'नसावी' वाचून त्यांचे ओठ आवळले गेले. दार बंद व्हायच्या आधीचे ते ओठ त्याला तोंडपाठ होते.

धंद्याचा पहिला नियम: गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. त्यानं अख्ख्या पानावर काट मारली आणि लिहिलं, 'असावी'.

मग पेन थांबेना. बावीस वर्षांच्या शिव्या कामी आल्या. बाळ आत्ताच कुठं डोळा लागून पडलेलं असतं. कुकरची शिट्टी व्हायची असते. 'पाचच मिनिटं' म्हणणारा अर्धा तास खातो. 'घेऊ नका, नुसतं बघा' असं तो म्हणतो, कारण बघितलं की माणूस घेतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 'शेजारच्यांनी घेतलाय' असंही म्हणतो. शेजारच्यांनी घेतलेला नसतो.

बाई वर्गात फेरी मारून पुन्हा पुन्हा त्याच्याच बाकाशी येत होत्या. शेजाऱ्यांच्या वाक्याला त्यांनी मान डोलावली. त्या दारानं पहिल्यांदाच होकार दिला होता! फिल्टरवाला हरखला आणि त्यानं शेवट असा ठासला की निब वाकली.

"कुठली बाजू घेतलीत?" लेकीनं घरी विचारलं.

"बाईंची."

"कोण बाई?"

"गिऱ्हाईक."

लेकीनं कपाळाला हात लावला. पण निकालात शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर आले, आणि खुर्ची मिळाली. मात्र बसण्याआधी नव्या सुपरवायझरानं आठवडाभर नवख्या पोरापोरींना फिरवून धंदा शिकवायचा, अशी कंपनीची रीत होती. यादीत पहिलंच नाव टेकडीवरच्या वसाहतीचं.

फाटकावर पहारेकरी आणि नवा कोरा फलक. बाईंच्या वळणदार अक्षरात आठ मुद्दे. तिसरा, 'घेऊ नका, नुसतं बघा'. पाचवा, शेजारच्यांचा.

"आमच्या अध्यक्षबाईंनी सभेत मांडलं," पहारेकरी म्हणाला. "एकमतानं पास. यातला एक मुद्दा खोडून दाखवा, लगेच आत सोडतो."

"सर, बोला ना," एक पोरगी कुजबुजली. "तुम्ही तर दगडालाही फिल्टर विकता म्हणे."

सरांनी फलक वरून खाली दोनदा वाचला. जिथं म्हणून पाय ठेवायला फट होती, तिथं त्यांनी स्वतःच वीट बसवून ठेवली होती.

"नाही खोडता येत," ते म्हणाले. "लिहिणारा हरामखोर पक्का आहे."

गुडघ्यांनी तेवढ्यात दगा दिला. पहारेकऱ्याला दया आली, त्यानं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. फिल्टरवाला टेकला, कण्हला, आणि त्याची नजर स्टुलाखालच्या गढूळ बाटलीवर गेली. स्टूल फाटकाच्या बाहेर होतं.

"दादा," तो मऊ आवाजात म्हणाला, "हे पाणी रोज पिता? नाही, घेऊ नका काही. नुसतं बघा."