फळ्या फुगेपर्यंत

"समज, आपण उतरलोच नाही तर?" हनीफ म्हणाले.

आम्ही अब्र्यात बसलो होतो. अब्रा म्हणजे खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला माणसं पोचवणारी होडी. दुबईच्या देरा भागात तीन दिवस खोल्या बघून झाल्या होत्या. सगळ्यात लहान खोलीचं भाडं हनीफच्या अर्ध्या पगाराहून जास्त होतं, आणि घरमालकाला सहा महिन्यांचं एकदम हवं होतं.

"उतरलो नाही म्हणजे?"

"पाण्यावरच राहायचं. खलाशी राहत नाहीत का? मोत्यांचा धंदा बसला, जुन्या होड्या काठावर पडून आहेत. आपल्या अडीच हजारांत एखादी येईल. आमच्या ऑफिसच्या धक्क्याला बांधू. साहेबाला विचारलंय मी. धक्क्यावर माल पडलेला असतो, तिथे कुणी राहिलं तर त्याला बरंच आहे."

विचारलंय म्हणजे थट्टा नव्हती.

मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि दोन महिन्यांच्या रजेवर दुबईला आले होते. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र काढलेले दिवस एकशे बारा होते. इथले दिवस मी त्यात धरत नव्हते. हनीफ कंपनीच्या खोलीत चार कारकुनांबरोबर राहत होते आणि मी त्यांच्या चाचीकडे, हव्वाबींकडे, दोन खोल्यांत सात माणसांबरोबर. परतीच्या आगबोटीचं तिकीट पुढच्या शनिवारचं होतं. तोवर घर मिळालं तर शाळेला राजीनामा पाठवायचा. नाही मिळालं तर परत जायचं, आणि हनीफना सुट्टी मिळायची ती दोन वर्षांनी.

अब्रा पलीकडे लागेपर्यंत तिकिटाच्या पाकिटावर मी एका होडीचा आराखडा काढला होता. स्वयंपाक मागे, बिछाना मध्ये, पुस्तकं उंचावर.

चाचीने ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "होडीत संसार? आणि भांडण झालं तर माहेरी कशी जाशील गो, पोहत?"

तीन दिवसांत आम्ही नऊ होड्या पाहिल्या. सात पहिल्याच नजरेत बाद झाल्या. उरल्या दोन.

पहिली शौकतभाईंची. हे मूळचे हर्णैचे, दलालीत मुरलेले. होडी निळ्या रंगाने चमकत होती, वर लाकडी केबिन, केबिनला दोन खिडक्या. किंमत चोवीसशे रुपये; तेव्हा तिथे आपलाच रुपया चालायचा. आत शिरताना हनीफचं डोकं चौकटीवर आपटलं.

"आदाब केलात, हनीफभाई!" शौकत म्हणाले. "माझ्या होडीला सगळेच करतात. भाभी, उंची नका मोजू, खिडकीतून बाहेर बघा. असा नजारा शेखांच्या घरातून दिसत नाही."

मी उंची मोजली. पाच फूट चार इंच. मला पुरत होती, हनीफना आयुष्यभर वाकून राहावं लागलं असतं.

दुसरी नाखुदा अहमद यांची. नाखुदा म्हणजे होडीचा कप्तान. वयाने सत्तरीचे, तरुणपणी मुंबईच्या इतक्या खेपा केलेल्या की हिंदी सफाईने बोलत. त्यांची होडी जालबूत जातीची, मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची. बत्तीस फूट लांब, नऊ फूट रुंद, केबिन नाही, आणि दोन उन्हाळे वाळूत बसलेली. लाकूड मात्र मलबारचं सागवान. मी आत उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले, तरी कुठेच काही लागलं नाही. हनीफ सरळ उभे राहिले. मग आडवे झाले. मग मोठ्याने हसले.

"अजरा, इथे खजुरीच्या झापांचं छप्पर घातलं की हॉल. आणि इथे तुझी शाळा भरव."

किंमत सोळाशे. उरलेल्या नऊशे रुपयांत छप्पर, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसत होती. अडचण एकच. फळ्यांच्या फटींतून मला पलीकडचा उजेड दिसत होता.

"नाखुदा, ही पाण्यात बघायची आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "यल्ला, चलो. इतवार को पानी चढेगा, तब डालेंगे. लेकिन जुमेरात तक बोल देना, बेटी. लकडीवाला व्यापारी बैठा है, तोडके दरवाजे बनाएगा."

जुमेरात म्हणजे गुरुवार; तोवर बोललो नाही तर तिचे दरवाजे होणार होते.

रविवारी दुपारच्या भरतीला दहा माणसांनी ओढून जालबूत खाडीत लोटली. ती तरंगली, आणि लगेच आत पाणी शिरायला लागलं. चारी बाजूंनी, झऱ्यासारखं. दोन खलाशी डब्यांनी उपसत होते. मी एका काठीवर इंचाच्या खुणा केल्या होत्या. पाणी एका खुणेपर्यंत उपसवलं, उपसा थांबवला आणि घड्याळ लावून एक तास थांबले. पाणी तीन इंच चढलं.

संध्याकाळी शौकतभाईंच्या होडीत तीच काठी, तेच घड्याळ. पाव इंच.

"घ्या शौकतभाईंची," मी हनीफना म्हणाले. आकडा बारापट होता, त्यावर वाद कसला घालणार? हनीफ नुसते डोक्यावरचं टेंगूळ चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा ठरला.

सोमवारी सकाळी चाची तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी तिला दोन्ही आकडे सांगितले.

"किती वेळ मोजलंस?"

"एक तास."

"एका तासात डाळ तरी भिजते का गो?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "माझा बाप तांडेल होता दाभोळला, मचवा हाकायचा. पावसाळाभर मचवा वर ओढलेला असायचा, शाकारलेला. फळ्या सुकून आकसायच्या. नारळी पुनवेनंतर पाण्यात लोटला की पहिल्या दिवशी असा गळायचा, असा गळायचा, की बघणाऱ्याला वाटावं गेला आता. बाप धक्क्यावर विडी ओढत बसायचा. म्हणायचा, पिऊ दे त्याला, तहानलाय. चार दिवसांनी ठणठणीत."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. समुद्रापासून अर्ध्या मैलावर जन्म गेला होता माझा. लाकूड पाणी शोषून फुगतं, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवत होते. आणि एका मोजणीवर निकाल देऊ नये, हे तर त्याच्याही आधीच्या धड्यात होतं.

"पण गळती थांबलीच नाही तर? लाकूड सडलेलं असेल तर?"

"ते मला काय ठाऊक? ती काठी कशाला केलीस मग?"

मी चपला घातल्या आणि धावत सुटले. हनीफ इसाराचे पैसे घेऊन धक्क्याकडे निघालेच होते. मी त्यांना अब्र्याच्या रांगेत गाठलं. "थांबा. आकडा नाही बघायचा, तो कमी होतो की नाही ते बघायचं!" रांगेतली माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. हनीफना काही समजलं नाही, पण पैसे त्यांनी खिशात परत ठेवले.

सोमवारी दुपारी जालबुतीत तासाला दीड इंच. मंगळवारी दुपारी पाऊण. दर दिवशी बरोबर निम्मं! शौकतभाईंच्या होडीत सोमवारी पाव, मंगळवारीही पाव.

"भाभी, माझ्या होडीला ताप आलाय का?" शौकत म्हणाले. "रोज येऊन काठी लावता!"

"ताप नाही," मी म्हणाले. "पण उतरतही नाही."

मंगळवारी संध्याकाळी मी तिकिटाच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर आलेख काढला. एक रेषा आडवी, सपाट. दुसरी वरून घसरत येणारी. ती पुढे वाढवली तर बुधवारी दुपारी ती तीन अष्टमांश इंचावर येत होती, आणि गुरुवारी दुपारी पाव इंचाच्या खाली. म्हणजे गुरुवारच्या पहाटे कधीतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदणार होत्या. मी दोन्ही आकडे लिहून त्यांच्याभोवती गोल केले. त्या रात्री दोनदा उठून पाकीट पाहिलं. जसं काही रेषा जागची हलणार होती.

बुधवारी दुपारी तासाला एक इंच आलं.

मी पुन्हा खूण पाहिली. एक इंच. कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. हनीफ हळूच म्हणाले, "इन्शाल्ला, काहीतरी मार्ग निघेल," आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांनी मनात माझी पेटी भरायला घेतली होती. काठावर लाकडाचा व्यापारी टेप घेऊन उभा होता.

निम्मं, निम्मं, आणि मग एकदम एक? लाकूड असं वागत नाही. मी वाकले, तळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अजरा!" हनीफ ओरडले.

चव भयंकर होती. जुनं माशाचं तेल, डांबर, आणखी काय काय. पण खाडीसारखी खारट नव्हती, मचूळ होती.

"हे नुसतं खाडीचं पाणी नाही," मी म्हणाले. "यात गोडं मिसळलंय. गोडं पाणी कुठून येतंय ते शोधा."

पुढच्या टोकाला, दोरांच्या वेटोळ्यामागे, खलाशांचा पिण्याच्या पाण्याचा माठ कलंडून तडकला होता. अजून झिरपत होता. हनीफनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि असा नाचवला, जणू बक्षिसाचा चषक. राहिलेलं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं. आम्ही सगळं कोरडं करून पुन्हा तासभर थांबलो. तीन अष्टमांशाला केसभर कमी.

गुरुवारी चाचीसुद्धा आली. बुरखा सावरत, दोन्ही बाजूंनी हात धरून फळीवरून होडीत चढली आणि वाकून सांधे चाचपायला लागली. मी काठी लावली. हनीफ घड्याळ धरून बसले. पंधरा मिनिटं. अर्धा तास. व्यापारी सावलीत उभा होता, नाखुदा वाळूत बसून तसबीहची माळ ओढत होते. तास झाला तेव्हा मी काठी उचलली. ओली रेघ खुणेच्या इतकी जवळ होती की मला नखाने मोजावी लागली. पाव इंचापेक्षा कमी.

"किती?" हनीफनी विचारलं.

मी पाकीट पुढे केलं आणि गोल केलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अल्लाह!" हनीफ ओरडले. "परवा लिहिलंस, ते आज आलं!"

नाखुदा उठले. व्यापाऱ्याला त्यांनी हातानेच सांगितलं, खलास, जा. मग माझ्याकडे वळले. "मुझे तो इतवार को ही मालूम था. चालीस साल चलाया है इसको."

"मग सांगितलं का नाहीत?" मी चिडून मराठीतच म्हणाले. अर्थ त्यांना बरोबर कळला.

"तूने पूछा कब?" ते म्हणाले. "तू तो काठी से पूछ रही थी."

चाची इतकी हसली की तिला डोलकाठीला धरून बसावं लागलं.

शुक्रवारी जालबूत ऑफिसच्या धक्क्याला आली. छप्पर अजून नव्हतं, झापांच्या दोन चटया बांधल्या होत्या. हनीफ तिकीट परत करून आले आणि येताना माझा राजीनामा टपालात टाकून आले. पाकीट मात्र मी ठेवून घेतलं. स्टोव्हवर पहिला चहा उकळत असताना धक्क्यावरून हाक आली.

"अगो अजरा! हात दे!"

चाची होती. काखेत वळकटी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी.

"पाण्यात लोटल्यावर पहिल्या रात्री होडीत मोठं माणूस झोपतं," तिने जाहीर केलं. "आमच्याकडे तशी रीत आहे. मधली जागा माझी. तुम्ही दोघं कडेला सरा."

हनीफनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात आणखी एक कप पाणी घातलं.

तो दिवस एकशे तेरावा धरायचा की नाही, यावर आमच्या दोघांत अजून वाद आहे.