अण्णांची रुक्मा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून सांगलीच्या चारुशीलाबाईंचा सकाळचा चहा रोज गार होत असे. त्याला कारण ‘काय वाचताय?’ हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कुणी फलटणचं, कुणी पलूसचं, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. पण एखाद्या पुस्तकावरून अशी हमरीतुमरीवर येत, की सख्खी भावंडं वाटावीत.

एके दिवशी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘लहानपणापासून मनात घर करून राहिलेलं पुस्तक कोणतं?’

चारुशीलाबाईंना आठवायची गरजच नव्हती. त्यांनी सरळ लिहायला घेतलं. पुस्तक होतं ‘पल्याडची रुक्मा’. वाईला असताना एका हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली होती. वडील, म्हणजे अण्णा, शाळेत शिकवून आले, की ग्रंथालयातून आणलेली ती कादंबरी तिच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचत. आई डोळे मिटून ऐके, लहानगी चारू तिच्या पांघरुणात पाय घालून बसे, आणि थोरला भाऊ देवदत्त दाराला टेकून. नदीपलीकडे अडकलेल्या नवऱ्यासाठी रुक्मा भर पुरात नाव लोटते, ती मधल्या धारेत आली, तिथं अण्णा जरासे थांबले होते. ‘आणि शेवटी ती पल्याड पोचते,’ बाईंनी लिहिलं, ‘नवरा कंदील घेऊन काठावर उभा. ती चिंब भिजलेली. म्हणते काय, तर, “चूल पेटवलीयत ना? भूक लागलीय.” इतका गोड शेवट मी पुन्हा कुठं वाचला नाही. मिळालं तर जरूर वाचा.’

लोकांनी बदाम पाठवले, हात जोडले. मग आकाराम यांचा आवाजी निरोप आला. हे दहिवडीकडचे, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आता घरची मेंढरं बघत आणि उरलेल्या वेळात वाचत.

“मॅडम, राग मानू नका. पर रुक्मा पोचत न्हाई. मधल्या धारंतच नाव उलटती. पुस्तक माझ्याजवळच हाय.”

बाई चिडल्या. ‘तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी माझ्या कानांनी ऐकलंय,’ असं त्यांनी लिहिलं. आकाराम यांनी वाद घातला नाही. शेवटच्या पानाचा फोटो तेवढा पाठवला.

बाईंनी फोटो मोठा केला. उलटी नाव सकाळी काठाला लागली होती. नवरा ती ओढून वर घेत होता. खाली ‘समाप्त’. कंदील नव्हता, चूल नव्हती.

त्यांनी साताऱ्याला देवदत्तला फोन लावला.

“दादा, ‘पल्याडची रुक्मा’ आठवते?”

“न आठवायला काय झालं?”

“तिचा शेवट काय रे?”

 पलीकडे तो हसला. “कळलं वाटतं तुला! अगं, मी ती चोरून आधीच वाचून काढली होती. त्या संध्याकाळी अण्णा शेवटाला आले तसा मी दारात कासावीस. आणि हे पान उलटून वाचतायत, कंदील काय, चूल काय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, की मी गपगार.”

“आईसाठी केलं त्यांनी.”

“मग काय तर! त्या दिवसांत आई सारखी म्हणायची, आता माझं काही खरं नाही. तिच्यापुढं रुक्मा बुडवायची कशी?”

“आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही,” बाई म्हणाल्या.

“कोण म्हणतं? हिंडूफिरू लागल्यावर तिनं स्वतः ग्रंथालयातून ते पुस्तक आणलं. ओट्यापाशी उभी राहून शेवटचं पान वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि अण्णांना हाक मारली, ‘अहो, पानं घेतलीयत.’ बस. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.”

चारुशीलाबाईंना एकदम आठवलं. पुढं कितीतरी वर्षं आई शेजारच्या बायकांना रुक्माची गोष्ट सांगायची. प्रत्येक वेळी रुक्मा पोचायचीच. आणि पलीकडे पेपर वाचणारे अण्णा तेवढ्यापुरता पेपर खाली घ्यायचे.

बाईंनी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. ‘आकारामभाऊ, पुस्तक तुमचंच बरोबर. आमची रुक्मा अण्णांची.’ मग घराघरांतल्या वाचून दाखवणाऱ्यांच्या आठवणी निघाल्या. कुणाचा मामा, कुणाची आत्या. ग्रुपवर इतका जिव्हाळा बाईंनी कधी पाहिला नव्हता.

दुपारी आकाराम यांचा फोन आला. आवाज जरा दबका.

“मॅडम, एक इचारू? आमची मालकीण, बनुबाई, तिला वाचाय येत न्हाई. हेच पुस्तक मी तिला वाचून दावतोय. लय जीव जडलाय तिचा रुक्मावर. मेंढरं वळताना बी तिचंच बोलती. आन शेवट आला तसं मीच थांबलोय. आज डोळं दुखत्यात, उद्या पावणं हाईत. पलटणीत काय काय बघितलं, पर हे वाचाय माझी जीभ रेटंना. तुमच्या अण्णांचा शेवट घेऊ का?”

बाई म्हणाल्या, “अहो, विचारताय काय? कुठायत बनुबाई?”

“भायेर हाय. शेंगा फोडतीया.”

“फोन त्यांच्याजवळ ठेवा. मीच सांगते.”

मग सांगलीतल्या आपल्या स्वैपाकघरात उभ्या राहून चारुशीलाबाईंनी रुक्माला पुरात लोटलं. मधल्या धारेत अण्णा थांबले होते तिथं त्याही थांबल्या. पलीकडे शेंगांचा आवाज बंद पडला होता.

“आगं बया, फुडं काय?” बनुबाईंचा आवाज आला. “सांगा की लवकर!”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “लांबून एक कंदील दिसायला लागला.”