हेलेनासाठी लोण्याचे पाव

"आत्या, लोणी जरा बेतानं घाल की."

"का? वैरिणीला कोरडा पाव वाढू?" आगाथाआत्यानं पीठ परातीत आपटलं. "कोरड्यानं भाजत नाही गं."

बावीस वर्षं दर शनिवारी ती हेलेना ड्यूकला लोण्याचे पाव पोचवत होती. किर्गिझस्तानातल्या चुई खोऱ्यातलं आमचं जर्मन गाव त्याला क्षमा म्हणायचं. मी घरातली, मला खरं ठाऊक. वैऱ्याला जेवू घातलं की त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास पडते, असं बायबलात आहे. आम्हा बाप्टिस्टांना सूड घ्यायची मुभा नाही; पण देवानं ही एवढी फट ठेवली होती आणि आत्या तिच्यातून अख्खी आत शिरली होती.

सोव्हिएत काळात आत्याचे यजमान गेरहार्ट गोठ्यात मुलांना बायबल शिकवायचे. त्याला बंदी होती; हेलेनानं जाऊन पोलिसांना सांगितलं. ते कैद्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच संपले.

"तिनं एकदा त्यांचं नाव घ्यावं," आत्या म्हणायची. "माझ्यासमोर, जळत जळत."

पण हेलेना कुठची जळते! टोपली घ्यायची, "देव तुझं भलं करो" म्हणायची, दार लावायची. आत्या चरफडत परतायची. शेजारची किर्गिझ बुरुल हसायची. "तुमच्यात शिवी द्यायला इतकं लोणी लागतं? मला सांग, मी फुकट देऊन येते!"

यंदा कळलं, इस्टरनंतर हेलेना लेकाकडे जर्मनीला चालली, कायमची.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून इस्टरआधीच्या गुरुवारी आम्ही प्रार्थनाघरात एकमेकींचे पाय धुतो. इतकी वर्षं पाय धुताना हेलेनाला टाळणारी आत्या त्या दिवशी आपणहून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. मी शेजारच्याच घंगाळापाशी होते.

"तिकडे माझ्या पावांची आठवण येईल ना?" पाणी ओतत आत्यानं गोड विचारलं.

"एकही खाल्ला नाही, आगाथा."

"काय?"

"घशाखाली उतरायचा नाही. वास आला की गेरहार्ट दिसायचा. त्याला नेताना त्यानं मलाही नमस्कार केल्यासारखी मान हलवली होती. मीच सांगितलं होतं ना. पाव कोंबड्या खायच्या."

"माझं लोणी कोंबड्यांना?" आत्याचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला मला भाजताना बघायचं होतं. तेवढं सुख तुला द्यायचं नव्हतं."

आत्यानं टॉवेल उचलला. बोटांच्या बेचक्यांतलं पाणी एकेक करून टिपलं. पाय पुसून झाले की गालाचं चुंबन घ्यायचं असतं.

"ते मला जमायचं नाही," ती म्हणाली.

"नकोच," हेलेना म्हणाली.

आत्या उठू लागली, पण गुडघे आखडले होते. तिनं आधारासाठी इकडेतिकडे पाहिलं. मी मान खाली घालून माझ्या घंगाळातलं पाणी ढवळत राहिले. हेलेनानं हात पुढे केला.

आत्यानं तो धरला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून उठली. हेलेना बाकावरून पार पुढे ओढली गेली, पण तिनं हात सोडला नाही.