मामा ठेसनात, फेटा स्टँडवर

दत्तोबाला रुसायला कारण लागत नाही, जागा लागते. नातीच्या साखरपुड्याला त्याला आणायला धाकट्या मुलाला पाठवलं, तर "पोरगं धाडलं" म्हणून हा पाव्हणा पंगती उठेपर्यंत ओट्यावर पाठ करून बसला होता. दत्तोबा म्हणजे माझी थोरली सून रुपाली, तिचा भाऊ. उर्से गावचा. एकुलता एक, नाहीतर दुसरा बघितला असता.

म्हणून त्याच नातीच्या, प्रेरणाच्या, लग्नाला मी स्वतः आमच्या कुरवंडे गावाहून खाली उतरले आणि लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर ताट घेऊन उभी राहिले. ताटात नारळ, हळद-कुंकू आणि मामाचा केशरी फेटा. तयार बांधलेला, डोक्यावर ठेवला की झालं. भाचीला बोहल्यावर मामानंच आणायचं असतं. त्यात प्रेरणा शाळेला सगळी वर्षं उर्स्यात मामाच्याच घरी होती. आदल्या दिवशी हळदीच्या अंगानंच तिनं सांगून ठेवलं होतं, "आजी, मामा आल्याबगर मी खोलीतनं भाईर पडणार न्हाई." आमच्या घराण्यातली आहे. म्हटलं की म्हटलं.

तळेगावकडची एसटी आली, रिकामी झाली. दत्तोबा नाही. एक गॉगलवाली पोरगी ताटासकट माझा फोटो काढून गेली. मग फोन वाजला.

"मावशी, मी ठेसनात हाय."

"ठेसनात? तुमी येष्टीनं येता की."

"आज लोकलनं आलो. हितं घ्यायला कुणीच न्हाई."

"मी स्टँडवर हाय. ताट घिऊन."

"मग या की."

स्टेशन आणि स्टँड यांच्यात तोंडातलं पान संपेल एवढंच अंतर. मी निघणारच होते. पाऊलही उचललं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "जरा बिगी या." पाऊल खाली ठेवलं.

"तुमीच या, पाव्हणं."

"पाव्हणा जितं उतरतो तितं त्येला घ्यायला येत्यात, मावशी."

"ताट जितं असतं तितं पाव्हणा येतो."

फोन बंद.

गावचा हनुमंत रिक्षा घेऊन माझ्याबरोबर आला होता. त्याला धाडला. एकटाच परत आला.

"ते फलाटावरल्या बाकड्यावर बसल्यात. म्हणत्यात, आपल्या पायानं आलो तर लोकं म्हणतील, मामा बिनबोलावता आला."

"त्यास्नी म्हण, फलाटावर यायला तिकीट लागतं. मान द्यायला तिकीट काढल्यालं आमच्यात कुणी न्हाई."

गेला. आला.

"म्हणत्यात, तिकीट मी काढतो."

शेजारचा चिक्कीवाला भिकाजी सगळं ऐकत होता. म्हणाला, "आजी, जावा की. मानूस तिकीट काढतोय."

"तू चिक्की इक."

तेवढ्यात रुपालीचा फोन. "आत्या, दादा आला का? भटजी घाई करत्यात. पोरीनं आतनं कडी लावून घेतलीया."

मी हनुमंताला खाली वाकायला सांगितलं. वाकला. फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला, कुंकू लावलं.

"मावशी, ह्ये काय?"

"आजपासनं तू प्रेरणाचा मामा."

"पर ती मला भाऊ म्हणती."

"म्हणू दे. ठेसनात जा आन् दत्तोबाला सांग, तुमचं काम भागलं. पुण्याकडची लोकल लागली की बसा."

हनुमंत गेला. प्रेरणा हनुमंताच्या हाताला धरून बाहेर येणार नाही, हे मला माहीत होतं. दत्तोबाला ते सुचू नये, एवढंच म्हणत मी ताट धरून राहिले. ताटात आता बघण्यासारखं काही नव्हतं. भिकाजीनं पाणी पुढं केलं. नको म्हटलं.

मग बाजारातून वरातच आली. पुढं दत्तोबा, कोट घातलेला, हातात बॅग. पळत होता म्हणावं तर चालत होता, चालत होता म्हणावं तर पळत होता. मागं हनुमंताची रिक्षा हॉर्न देत, आणि आत केशरी फेटा. "आवो बसा की!" म्हणून हनुमंत ओरडत होता. दत्तोबा काही त्याच्या रिक्षात बसेना. दुकानदार बाहेर येऊन बघत होते, नवरा नेमका कोणता.

स्टँडवर पोचल्यावर दत्तोबानं मला रामराम नाही घातला. रिक्षात हात घालून हनुमंताच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि स्वतःच्या डोक्यावर घातला. उलटा. तुरा मागे.

"ह्येला मामा करता व्हय?" त्याला दम लागला होता. "पोरीला कावीळ झाली तवा उशाशी ह्यो बसला व्हता का?"

"न्हाई. तुमीच व्हता."

फेटा मी सरळ केला, कुंकू लावलं, नारळ हातात दिला. एवढा वेळ ताट धरून माझा हात भरून आला होता, पण ते त्याला सांगायचं कारण नव्हतं.

"तवा उशाशी बसायला कुणी बोलवाय आलंय का, ह्ये न्हाई बघितलंत," मी म्हटलं. "तिच्यापाशी हाय तवर तुमी मामा, पाव्हणं. ठेसनातल्या बाकड्यावर बसल्याला मानूस निस्ता पाशिंजर असतो. बसा रिक्षात."