हरभऱ्याची पाळी

"अम्मी, परत मका?" सुमय्याने बियाण्याची पिशवी उघडून बघितली. "यंदा हरभऱ्याची पाळी ना?"

"पेर म्हटलं की पेर," अमिनाबी म्हणाली. "आन दाट पेर."

वाघोलीतला हा अर्धा एकर नारायण पेठेतल्या श्रीधरपंतांचा. अमिनाबी तो वाट्याने करायची. तिचा म्हशींचा गोठा शेजारीच, स्वतःच्या जागेत, आणि गोठ्यातलं सगळं शेणखत वर्षानुवर्षं याच जमिनीत गेलेलं. खत पडलं की आधी मका, कारण तो खादाड. मग उरल्यासुरल्यावर कांदा. मग हरभरा, तो जमिनीला उलट देऊन जातो. नवरा वारला त्या वर्षीही अमिनाबीने ही पाळी मोडली नव्हती.

आणि यंदा पेरणीच्या आधी, दसऱ्याला, श्रीधरपंत आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "हे शेवटचं पीक. संक्रांतीनंतर जागा मोकळी करा."

"साहेब, एवढं शेण घातलंय हितं."

"जमीन माझी, शेण तुमचं. शेण उचलून न्या की!"

बास. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेते म्हणावं, कणन् कण नेते! मेल्याला पुढे मेथीची काडी उगवू द्यायची नाही. तिने खताची एक पाटी टाकली नाही. मका उपाशीपोटी वाढला, खालची पानं पिवळी पडली. ती रोज बांधावर उभी राहून बघायची आणि म्हणायची, "ओढ रे, सगळं ओढ."

"जमिनीनं काय घोडं मारलंय तुझं?" सुमय्या एकदा बोलली.

"तू गप बस."

मका कापून म्हशींना घातला आणि संक्रांतीनंतर श्रीधरपंत जेसीबी घेऊन हजर झाले. "इथे पार्किंग करतोय. वरची हातभर माती काढून मुरूम टाकायचाय."

पार्किंग! म्हणजे याला कसदार काय नि नापीक काय, सारखंच.

"माती तुम्हालाच देतोय," श्रीधरपंत म्हणाले. "तुमच्या गोठ्यामागे नुसता खडक आहे, तिथे टाकायला सांगितलंय. त्या दिवशी मी फार तोडून बोललो, अमिनाबी. अहो, सोनं आहे हे, तुम्हीच केलेलं."

जेसीबीने पहिली खेप गोठ्यामागे रिती केली. टणक, फिकट ढेकळं घरंगळत तिच्या पायाशी आली. सुमय्या आईकडे बघत राहिली.

"काय हो, आवडलं नाही का?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"लई उपकार झाले, साहेब," अमिनाबी म्हणाली. मग पदर खोचून ती खाली बसली आणि हातानेच ढेकळं फोडायला लागली.